अनामत तीन हजार

गेल्या जूनमध्ये एका शुक्रवारी दुपारी डॉक्टर म्हणाले, "उद्या सकाळी घरी न्या." आत्याच्या खुब्याच्या ऑपरेशनला तेव्हा पाच दिवस झाले होते. वॉकर धरून तिने चार पावलं टाकून दाखवली होती, म्हणजे दवाखान्याच्या हिशेबात ती बरी झाली होती. माझ्या हातात एक कागद आला. घरी काय काय लागेल त्याची यादी: डोक्याकडून वर करता येणारा उंच पलंग, कमोड खुर्ची, वॉकर, सुरुवातीला चोवीस तास सोबत माणूस. आमच्या घरी शिसवी पलंग आहे, जमिनीपासून जेमतेम फूटभर उंच. संडास भारतीय पद्धतीचा. आणि माणूस म्हणजे मी एकटा, तोही सकाळी आठला हिंजवडीची बस पकडणारा.

तरी मला काळजी वाटली नाही. ज्या फोनवर दहा मिनिटांत कोथिंबीर येते, त्यावर अठरा तासांत पलंग येणार नाही?

आत्या सहकारनगरला राहते. पुण्याबाहेरच्यांसाठी सांगतो, पर्वतीच्या मागे आणि तळजई टेकडीच्या खाली पसरलेला हा भाग. जुने बंगले, तीन-तीन मजल्यांच्या सोसायट्या, रस्त्यावर दोन्ही बाजूंनी कमान धरलेली झाडं. दुपारी एक ते चार इतकी शांतता, की कुत्र्यालाही भुंकायचा संकोच वाटावा. आमच्या इमारतीच्या पाटीवर शेवटी लिहिलंय 'सहकारी गृहनिर्माण संस्था मर्यादित'. चार वर्षं मी ती पाटी बघतोय. त्यातला 'मर्यादित' हा शब्द किती प्रामाणिक आहे, हे त्या शुक्रवारी कळलं.

कारण फोनवर आलं ते सगळं विकत. नकाशावर 'जवळपास' असं टाकून शोधलं, तर ब्युरो मिळाले. बारा तासांचे आठशे ते हजार, चोवीस तासांचे विचारूच नका, वर एक महिन्याची आगाऊ रक्कम. पलंग विकत मिळत होता, पण पोचायला चार दिवस. मग १४५६७ लावला. ज्येष्ठांसाठीची ही राष्ट्रीय हेल्पलाइन सकाळी आठ ते रात्री आठ चालते, आणि पलीकडच्या मुलीने खरंच शांतपणे ऐकून घेतलं. वृद्धाश्रम, कायदेशीर सल्ला, मानसिक आधार, सगळ्याची माहिती दिली. पण उद्या सकाळी दुसऱ्या मजल्यावर पलंग कोण चढवणार, हे तिला दूर बसून कसं माहीत असणार? ते गल्लीलाच माहीत असतं.

आणि गल्लीला माहीत होतं. औषधाच्या दुकानात डायपर मागायला गेलो, तर काउंटरवरचे काका कागदाकडे बघून म्हणाले, "पलंग कशाला विकत घेता? मंडळाकडे मिळेल की."

ज्या मंडळाच्या मांडवावरून मी चार वर्षं रोज जातो, त्याच्या मागच्या खोलीवर पाटी होती. 'रुग्णोपयोगी साहित्य केंद्र'. तिच्यापुढे कुणाच्या तरी वाढदिवसाचा फ्लेक्स लावलेला, म्हणून दिसत नव्हती. आत पाच पलंग, भिंतीला टेकवलेल्या व्हीलचेअर, काठ्या, कुबड्या, हवेच्या गाद्या, एक ऑक्सिजनचं यंत्र. टेबलामागे माझ्याच वयाचा मुलगा, समोर लांब वही. आधार कार्ड, लाइट बिल, डॉक्टरांची चिठ्ठी. पलंगाला अनामत तीन हजार, महिना दीडशे. खुर्चीला अनामत पाचशे. पावतीच्या मागे छापलं होतं, गरज संपताच साहित्य परत करावे, दुसरा रुग्ण वाट पाहत असतो.

अशी केंद्रं पुण्यात गल्लोगल्ली आहेत. कुणी गणपती मंडळ चालवतं, कुणी देवस्थान, कुणी ज्येष्ठ नागरिक संघ. बहुतेकांचा पत्ता तोंडी असतो. ज्याच्या घरात कधी कुणी अंथरुणाला खिळलेलं असतं, त्याला तो माहीत असतो. माझ्यासारख्या धडधाकट माणसाला गावातला हा दुसरा नकाशा दिसतच नाही.

शनिवारी सकाळी नऊला चार मुलांनी पलंग वर चढवला. जिन्याच्या वळणावर तो अडकला, तेव्हा पाय काढून, तिरका करून पुन्हा जोडला. चपला बाहेर काढल्या. पाणी दिलं तर उभ्याउभ्या प्यायले. अकराला आत्या घरी आली, खुर्चीवरून पलंगावर बसली, आणि तिला डोक्याकडच्या पत्र्यावर लाल ऑइलपेंटने लिहिलेलं मंडळाचं नाव दिसलं.

"हा त्यांचा आहे?"

इथे मागचं सांगायला हवं. आत्या गणिताची शिक्षिका होती, लग्न केलं नाही, निवृत्तीनंतर तिने एकच काम नेमाने केलं. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली आले. रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिवर्धक बंद. राहत्या भागात आवाजाची मर्यादा दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. सरकार वर्षातून जास्तीत जास्त पंधरा दिवस बारापर्यंत सवलत देऊ शकतं. त्या सवलतीच्या तारखा आत्या कॅलेंडरवर हिरव्या पेनाने गोल करून ठेवते. उरलेल्या रात्री दहा वाजून पाच मिनिटांनी ती पोलिसांना फोन करते. या मंडळाविरुद्ध तिने किती तक्रारी केल्या, याची तिच्याकडे वही आहे. मंडळाकडेही असणार.

"परत पाठव," ती म्हणाली. मग तिला तिथेच झोपावं लागलं, कारण दुसरीकडे झोपणं शक्यच नव्हतं. मला त्या नावावर टॉवेल टाकायला लावला.

मराठीत एक शब्द आहे, मिंधा. ऋणी माणूस मान वर करून फिरू शकतो, कृतज्ञ माणूसही. मिंध्याची मान खाली असते. ज्याचं घेतलं त्याच्यापुढे त्याला बोलता येत नाही. आत्याला भीती हाडाची नव्हती, या शब्दाची होती. तीन-चार दिवसांनी, रात्री झोप लागेना तेव्हा, तिने मला त्याचं कारण सांगितलं.

१२ जुलै १९६१. पानशेतचं धरण फुटलं, खडकवासल्याचं गेलं, आणि मुठेच्या काठच्या पेठांत पाणी शिरलं. आत्या तेव्हा अकरा वर्षांची. नारायण पेठेतल्या वाड्यातलं त्यांचं बिऱ्हाड वाहून गेलं. दोन-तीन आठवडे ते एका शाळेत राहिले, वर्गावर्गात सहा-सहा कुटुंबं. लोकांनी भरभरून दिलं, हे ती आजही सांगते. भाकरी आल्या, घोंगड्या आल्या, कपडे आले. तिला एक निळा फ्रॉक मिळाला, पांढऱ्या कॉलरचा. ऑगस्टमध्ये शाळा सुरू झाल्यावर ती तो घालून गेली. मधल्या सुट्टीत एक मुलगी जवळ आली, कॉलरखालचं बटण उलटून बघितलं आणि म्हणाली, "हा माझा आहे. हे बटण मी लाल दोऱ्याने लावलं होतं."

"भांडली का?"

"छे. आनंदाने म्हणाली. ओळखीचं काहीतरी दिसलं ना तिला."

आत्याने तो फ्रॉक पुन्हा घातला नाही. पुढे चौसष्ट वर्षं शेजारी वाटीभर साखर मागायलाही गेली नाही. त्या मुलीने काहीच वाईट केलं नव्हतं. तरी दिलेल्या वस्तूवर देणाऱ्याचा लाल दोरा राहून गेला होता.

मी त्या रात्रीपर्यंत तिचं वागणं ताठा समजत होतो. ॲरिस्टॉटलला मात्र ती आवडली असती. त्याच्या नीतिशास्त्रातला थोर मनाचा माणूस असाच आहे. त्याला उपकार करायला आवडतं, घ्यायची लाज वाटते. घेतलेच तर तो जास्त परत करतो, म्हणजे समोरचाच देणेकरी व्हावा. आपण कुणावर उपकार केले ते तो लक्षात ठेवतो, आपल्यावर कुणी केले ते विसरतो. मला हे कॉलेजात वाचताना भारी वाटलं होतं. खुबा मोडलेल्या माणसाच्या उशाशी बसून आठवलं तेव्हा वाटलं, या थोर माणसाला लहानपणी दूध कुणी पाजलं, तापात कपाळावर पट्ट्या कुणी ठेवल्या? ॲलस्डेअर मॅकिन्टायर या तत्त्वज्ञाने १९९९च्या पुस्तकात ॲरिस्टॉटलला जवळपास याच ठिकाणी पकडलंय. त्याचं म्हणणं, माणूस आयुष्याचा बराच भाग परावलंबी असतो, बाळपणी, आजारात, म्हातारपणी. म्हणून देण्याइतकेच घेण्याचेही सद्गुण असतात. कृतज्ञता दाखवावी, पण तिचं ओझं होऊ देऊ नये. कुणी उद्धटपणे दिलं तरी आपण सभ्यपणे घ्यावं. कुणाची मदत अपुरी पडली तर सांभाळून घ्यावं.

आपल्याला लहानपणापासून द्यायला शिकवतात. संक्रांतीला, शाळेत, पुराच्या वेळी. घ्यायला कुणी शिकवत नाही. मला स्वतःला शंभर मित्रांच्या ग्रुपवर 'आज रात्री कुणी माझ्या आत्याजवळ थांबेल का' हे एक वाक्य टाइप करायला दोन दिवस लागले. टाइप केलं, पुसलं, ब्युरोला पैसे दिले. पैसे देताना मान खाली जात नाही. बाजाराची ही खरी सोय आहे आणि मी तिला नाव ठेवणार नाही. ब्युरोच्या माणसाने मला आयुष्यात कधीच ओळख दाखवली नाही तरी चालेल.

आणि इथेच मला त्या मागच्या खोलीतल्या वहीचं कौतुक वाटायला लागलं. अनामत तीन हजार. त्या पैशात पलंग येत नाही, म्हणजे ती किंमत नाही. फुकटही नाही, म्हणजे भीकही नाही. मी काहीतरी ठेवून आलोय, परत घ्यायला जाणार आहे. मधल्या काळात पलंग माझा नाही, पण मला त्यावरून उठवायचा अधिकारही कुणाला नाही. टेबलामागच्या मुलाने आम्ही कोण हे विचारलं नाही, लाइट बिल विचारलं. हा कोरडेपणा मला आधी खटकला होता. आता वाटतं, तोच तर लाल दोरा कापतो. आत्याला हे समजावलं तेव्हा ती म्हणाली, "मग पलंगावर एवढं मोठं नाव कशाला रंगवलंय?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आपल्याकडे बाकड्यावर नाव असतं, पाणपोईवर असतं, रुग्णवाहिकेवर तर फोटोसकट असतं, आणि तो फोटो पुढच्या निवडणुकीला भिंतीवर येतो. मदत करणाऱ्याला आपण लक्षात राहावं असं वाटतं, यात पाप नाही. पण पडून राहिलेल्या माणसाच्या डोळ्यांसमोर ते चोवीस तास असतं.

दोन दिवसांनी तिनेच हिशेब काढला. "मी बावीस वर्षं वर्गणी देते. एक्कावन्न रुपये, पावती घेऊन. अकराशे बावीस झाले. डोकं वर करायचं ते हँडल तरी माझं असेल." त्यानंतर टॉवेल निघाला.

मावशी आमच्याकडे जूनच्या शेवटी आल्या. ब्युरो परवडेना, तेव्हा आत्याच्या ज्येष्ठ नागरिक संघातल्या एका बाईंनी त्यांचं नाव सुचवलं. मावशी पर्वतीच्या उतारावरच्या वस्तीतून चालत यायच्या, सकाळी सात ते संध्याकाळी सात. आत्याला उठवणं, आंघोळ, कपडे, खुर्ची, सगळं. मी रात्रीचा होतो. रात्री दोनदा खुर्चीवर बसवायचं, बस्स. पण सोसायटीत कौतुक झालं ते माझं. "आजकालची मुलं कुठे एवढं करतात!" मावशींना कुणी असं म्हटलेलं मी ऐकलं नाही. त्यांना पैसे मिळतात, असं त्याचं कारण असावं.

मलाही मिळतात, हे मात्र कुणाच्या लक्षात येत नाही. मी आत्याकडे राहायला आलो तो तिची सेवा करायला नाही, भाडं वाचतं म्हणून. आणि हा फ्लॅट पुढे माझ्या नावावर होणार, हे घरात सगळ्यांना माहीत आहे. २००७चा ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा कायदा मी त्या दिवसांत वाचला. मुलं आईवडिलांना सांभाळायला बांधील आहेत, हे त्यात आहेच. पण ज्यांना मुलं नाहीत अशांचं काय? तिथे कायदा 'नातेवाईक' शोधतो, आणि नातेवाईक कोण, तर ज्याच्या ताब्यात त्या ज्येष्ठाची मालमत्ता आहे किंवा ज्याला ती वारशाने मिळणार आहे तो. भाचा म्हणून मी कायद्याला दिसत नाही, वारस म्हणून दिसतो. वाचल्यावर दोन दिवस मी स्वतःकडे संशयाने बघत होतो. रात्री तीनला उठताना मी आत्याला उठवतोय की फ्लॅटचा हप्ता भरतोय? उत्तर एकच आहे असं मला आजही खात्रीने सांगता येणार नाही. तिला मात्र खुर्चीवर बसायचं असतं, आणि माझा हेतू काहीही असला तरी तिला दोन हात लागतात.

जुलैच्या मध्यावर मावशींनी विचारलं, "दादा, तो पलंग कुठून आणला?" त्यांच्या सासूबाई वर्षभर झोपून होत्या. दिवसा घरी कोण असतं, हा प्रश्न मी तोवर त्यांना विचारला नव्हता. शेजारची बाई मधून मधून डोकावते, म्हणाल्या. म्हणजे आमच्या आत्याला सोबत मिळावी म्हणून त्यांची सासू एकटी राहत होती.

मी उत्साहाने मंडळात गेलो. मुलगा म्हणाला, साहित्य परिसरातल्या रहिवाशांसाठी आहे. वस्तीचं लाइट बिल चालेल का, हे त्याला मोठ्यांना विचारावं लागलं असतं. पण प्रश्न तिथे अडला नाहीच. रविवारी मी मावशींच्या घरी गेलो. शेवटच्या साठ-सत्तर पायऱ्या, दोन माणसं समोरासमोर आली तर एकाने भिंतीला चिकटायचं. खोली दहा बाय दहा. साडेसहा फुटी पलंग त्या बोळातून वळलाच नसता, आणि वळला असता तर बाकीची चार माणसं झोपणार कुठे? आमच्या मदतीच्या वस्तूसुद्धा आमच्या घरांच्या मापाच्या आहेत. म्हातारी भिंतीकडे तोंड करून झोपली होती. मी तिला नमस्कार केला, तिला तो दिसला की नाही माहीत नाही.

मी परत येऊन माझ्याच नावावर दुसरी कमोड खुर्ची काढली आणि वर पोचवली. वहीत मी खोटं लिहिलं, 'घरच्या रुग्णासाठी'.

माणूस जन्मतःच देणं घेऊन येतो, ही आपल्याकडची फार जुनी कल्पना. देवऋण, ऋषिऋण, पितृऋण ही तीन बहुतेकांनी ऐकलेली असतात. शतपथ ब्राह्मणात चौथंही सांगितलंय, मनुष्यऋण. ते माणसांना आसरा आणि अन्न देऊन फेडायचं. पहिल्या तिघांचे सावकार ठरलेले आहेत. चौथ्याचा सावकार कोण? ज्याने दिलं त्यालाच परत करायचं असं त्यात नाही, त्यामुळे वही कधी बंदच होत नाही. १९६१च्या भाकऱ्या ज्यांनी पाठवल्या त्यांचं आत्या काय देणं लागते आणि कुठे फेडणार? मी मावशींचं काय लागतो, पगार दिल्यानंतर? मला वाटतं, बरंच. पण किती, हे विचारलं की मी लगेच आकडा शोधायला लागतो, आणि आकडा सापडला की हायसं वाटतं.

ऑगस्टच्या शेवटी गणपती आले. तोवर आत्या वॉकरवर हॉलपर्यंत येत होती, पण अंथरुणातून उठताना माणूस लागायचाच. कॅलेंडरवर हिरवे गोल होते. मी सहज म्हटल्यासारखं म्हणालो, "या वर्षी नको करूस फोन. मुलांनी पलंग चढवून दिलाय."

"म्हणजे अनामत तीन हजार, आणि वर माझे कान?"

मी वाद घातला. चार मुलांनी सुट्टीची सकाळ दिली, त्याचं काहीच नाही का? ती म्हणाली, त्याचं आहे, म्हणून तर मी त्यांना लाडू पाठवले (पाठवले होते, बेसनाचे, माझ्या हातून). पण ज्या मदतीने तोंड बंद होतं ती मदत नव्हे, ती किंमत. मी म्हणालो, तोंड बंद करायला त्यांनी सांगितलेलं नाही, मी सांगतोय. "तेच तर," ती म्हणाली.

उत्सवाच्या चौथ्या रात्री हिरवा गोल नव्हता. सव्वादहा वाजले तरी खिडकीच्या काचा थरथरत होत्या. समोरच्या इमारतीत महिन्याचं बाळ होतं. आत्या पलंगावर, तिचा फोन खोलीच्या दुसऱ्या टोकाला चार्जिंगला.

"फोन दे."

मी म्हणालो, "चार्ज नाहीये."

फोनचा हिरवा दिवा लागलेला आम्हा दोघांनाही दिसत होता. ती काही बोलली नाही. कठडा धरून एका कुशीवर वळायचा प्रयत्न केला, पाय खाली सोडायला जमेना, पुन्हा आडवी झाली. तिला पलंगावरून बोलायला मंडळाने कधीच मनाई केली नव्हती. तिचा फोन माझ्या हातात होता. मंडळाची वही, लाइट बिल, पावती, सगळ्यात काहीतरी लिहिलेलं होतं, ज्यावर भांडता येतं. माझ्या आणि तिच्यामध्ये असं काहीही लिहिलेलं नव्हतं. रात्री तीनला उठणारे हात आणि फोन न देणारे हात एकच होते.

मी फोन आणून दिला. तिने ११२ लावला, नाव-पत्ता सांगितला, नियमाचं साल सांगितलं, आणि "मी त्याच मंडळाच्या पलंगावरून बोलतेय" हेही सांगितलं. पलीकडच्या माणसाला त्याचं काय करावं कळलं नसावं. अकराच्या सुमारास आवाज बंद झाला. मला ती काही म्हणाली नाही. तीनला उठवलं तेव्हा माझ्या खांद्यावर नेहमीसारखा हात ठेवला. त्या दिवसापासून फोन रात्री तिच्या उशाशी असतो. लांब वायर मी दुसऱ्याच दिवशी आणली.

नेमकी त्याच दिवशी मुदतवाढीची तारीख होती. मांडवाच्या मागून खोलीत शिरलो, तर टेबलामागे तोच मुलगा, डोळे लाल, अंगात मंडळाचा टी-शर्ट. पावती पुढे केली.

"काल फोन तुमच्याकडूनच ना?"

"हो. आत्याने केला."

"आजींना सांगा, अकराला बंद केला." वही उघडली. "समोरच्या बाळाचे बाबा पण येऊन गेले नंतर. ते काय थेट बोलले. फोन करायच्या आधी एकदा हाक मारत जा म्हणावं."

"हाक तुम्हाला ऐकू आली असती का?"

तो हसला. पहिल्यांदाच. मग पेन वहीवर उतरवत आला आणि एका ओळीवर थांबला.

"पलंग एक, वॉकर एक, खुर्च्या दोन? पेशंट एकच आहे ना घरात?"

मी गप्प राहिलो. मग म्हणालो, "दुसरी वर वस्तीत आहे. आमच्याकडे मावशी येतात, त्यांच्या सासूबाईंसाठी."

त्याने माझ्याकडे बघितलं. वहीतली 'घरच्या रुग्णासाठी' ही माझ्याच अक्षरातली ओळ त्याच्या बोटाखाली होती. मला वाटलं, आता खुर्ची परत मागणार. त्याने ती ओळ खोडली.

"मग त्यांचं नाव लिहायला पाहिजे ना. उद्या तुम्ही घर बदललं तर आम्ही खुर्ची कुठे शोधायची? काय नाव त्यांचं?"

मला माहीत नव्हतं. त्यांच्या घरी जाऊन आलो होतो, नमस्कार केला होता, पण नाव विचारलं नव्हतं. पेन वहीवर टेकवून तो थांबला होता. मी बाहेर मांडवात आलो आणि मावशींना फोन लावला.